कान दुखतात म्हणालात, नाना

नाना, आज चौदावा दिवस. पाहुणे पांगले, मंडपवाल्याची सतरंजी परत गेली, आणि माय इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी आडवी झालीय. तेव्हा आता तुमच्याशी भांडायला बसले आहे. तेरा दिवस या खोलीत माणसं येऊन एकच सांगत होती, की नानासारखा शांत माणूस बघितला नाही. कुणी काही बोलो, उलट उत्तर नाही, नुसती मान हलवायचा आणि हसायचा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. तुम्ही शांत नव्हतात. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. ते तुम्ही लपवलंत, मला त्यापायी बदनाम होऊ दिलंत, आणि शेवटी त्यातच गेलात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

सुरुवात फुईच्या कॅसेटनं झाली. तुमच्या बहिणीला लिहिता येत नाही, म्हणून तिनं अमळनेरहून शेजाऱ्याच्या टेपवर आपलं बोलणं भरून कॅसेट पाठवली. आपल्याकडं टेप नव्हता. तुमच्याबरोबर इथं सुरतेत उधन्याच्या कारखान्यात लूम चालवणारे भिकाकाका शेजारच्याच सोसायटीत राहतात, त्यांच्याकडं होता. चला तिथं ऐकू, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बहीण घरचं काही बोलेल, ते चार लोकांत काय ऐकायचं?" मला वाटलं, खरंच आहे. म्हणून मी साड्यांना टिकल्या लावायचं काम जिच्याकडून आणायचे, त्या बाईच्या मुलाचा जुना वॉकमन घेतला. चालू होता, स्वस्तात मिळाला, फक्त हेडफोन नव्हता. मला वाटलं, हेडफोन काय, कुठंही मिळेल.

पहिला मी स्टेशनसमोरच्या फुटपाथवरून आणला. पातळ पत्र्याची पट्टी आणि दोन बाजूंना नारिंगी स्पंजचे गोळे. घरी येऊन आधी स्वतः लावून बघितला. फुईचा आवाज इतका जवळून आला की मी दचकले. तुमच्या डोक्यावर ठेवला तर तुम्ही दोन मिनिटांत काढलात. "खरखर करतंय. आणि पट्टीत केस अडकतात." तुमच्या डोक्यावर केस होते किती, नाना? पण मी बदलून आणायला गेले. तिथला माणूस म्हणाला, इथला माल परत होत नाही. मग मी दुसऱ्या प्रकारचा घेतला, कानात बटणासारखा घालायचा. तो तुम्ही हातात धरून उलटसुलट बघितलात, एका कानात घातलात आणि तोंड वाकडं केलंत. "मना कान दुखतस." प्लॅस्टिक कडक होतं हे खरं. मी त्याला कापूस गुंडाळला. तरी दुखतच होतं. फुईची कॅसेट कपाटावर पडून राहिली, आणि माय मला म्हणाली, त्यांचे कान नाजूक आहेत, जरा चांगला बघ ना.

चांगला बघायला मी कतारगामपर्यंत गेले. कुणीतरी सांगितलं होतं की तिथं एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला माणूस जाड गादीचे हेडफोन ठेवतो आणि पसंत नाही पडला तर परत घेतो. महाग होता, माझी आठवड्याची मजुरी त्यात गेली. तुम्ही तो लावलात, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, "दाबतंय. आणि आवाज बरोबर नाही, माल खोटा आहे." पुढच्या रविवारी तुम्हालाच घेऊन गेले, म्हटलं, तुम्हीच लावून बघा आणि निवडा. दुकानदारानं चार दाखवले, चारही तुम्ही नापास केलेत. तो भला माणूस होता. त्यानं एकेक स्वतःच्या कानाला लावून बघितला आणि हळूच मला म्हणाला, "बेन, हेडफोनमां कंई वांधो नथी. काकाना कान डॉक्टरने बतावो."

मी त्याच्यावर केवढी ओरडले. आपला खराब माल विकता यावा म्हणून माझ्या बापाला बहिरा ठरवता का, असं भर दुकानात म्हणाले. गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं पैसे परत केले. तुम्ही बाजूलाच उभे होतात, माझ्या तोंडाकडं बघत. मी काय बोलत होते ते तुम्हाला सगळं कळत होतं, कारण मी ओरडत होते आणि समोर होते. तरी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. परतीच्या रिक्षात तुम्ही माझ्यासाठी खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेतलीत. त्या माणसाची माफी मी अजून मागितलेली नाही. तीही तुमच्याच नावावर आहे.

मला कसं कळलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. मी लहान असताना दुपारी डबा घेऊन कारखान्यात यायचे. आत पाऊल टाकलं की त्या खडखडाटात स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. तुम्ही मला आवाजाशिवाय बोलायला शिकवलंत. ओठ मोठे करून, सावकाश. भाजी कशाची, शाळेत काय झालं, सगळं आपण तसंच बोलायचो. भिकाकाकांची पाठ वळली की तुम्ही ओठांनी त्यांची नक्कल करायचात आणि मी हसून खाली बसायचे. शेठच्या देखत आपण शेठविषयी बोलायचो आणि त्याला पत्ता नसायचा. माझ्या वर्गात एकाही पोरीला असा बाप नव्हता. ते खेळणं नाही, ती तुमची गरज होत चाललीय, हे त्या वयात कळणं शक्य नव्हतं. मोठेपणी कळायला हवं होतं. घरात तुम्ही कायम आमच्या तोंडाकडं बघून बोलायचात, अंधार पडला की बोलणं बंद व्हायचं, आणि आम्हाला वाटायचं, दमलेत.

मग ते नंदुरबारकडचं स्थळ आलं. भिकाकाकांनीच आणलं. मुलगा सुरतेतच कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये होता, दिसायला बरा, मला नाही म्हणायला कारण नव्हतं. त्याचे वडील या खोलीत भिंतीला टेकून बसले, मान खाली घालून सुपारी कातरत हळू आवाजात बोलत होते. मिशा ओठांवर आलेल्या. मी आत चहा गाळत होते, मला नीट ऐकू आलं नाही. तुम्ही समोर बसून "हो, हो, बरोबर आहे" म्हणत होतात. चार वेळा म्हणालात, मी मोजलं नाही पण मायनं मोजलं होतं.

सुपारी फोडायच्या दिवशी कळलं तुम्ही कशाला हो म्हणाला होतात. सगळे जमले होते. मुलाची आई सहज म्हणाली, "पोरगी आमच्याकडं गावीच राहणार, हे बरं झालं. मला हातभार होईल. मुलगा सणावाराला येईलच." मी मायकडं बघितलं. माझं बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, पुढं बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता, तुम्हीच त्याचा फॉर्म आणला होता. मी विचारलं, असं कधी ठरलं? मुलाचे वडील म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी विचारलंय. ते हो म्हणाले." तुम्ही म्हणालात, "असं माझ्यासमोर कुणी बोललंच नाही." तिथून भांडण पेटलं. ते तुम्हाला खोटारडे म्हणाले. भिकाकाका म्हणाले, "नाना, मी बाजूला बसलो होतो, तू मान हलवलीस." आणि सगळी खोली तुमच्याकडं बघायला लागली.

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, नाना. मला ऐकू आलं नाही. एवढंच. सोयऱ्यांनी तेवढं समजून घेतलं असतं, नसतं घेतलं तरी चाललं असतं. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत आणि म्हणालात, "मी हो म्हणालो होतो. पोरगी ऐकत नाही, मी काय करू?"

पाहुणे नारळ न घेता उठले. त्या दिवसापासून आपल्या वस्तीत, सगळ्या डिंडोलीत मी बापाचा शब्द मोडणारी पोरगी झाले. नळावर बायका माझ्यादेखत बोलायच्या, शिकवलं की अशा होतात. नंतर दोन स्थळं आली ती विचारपूस करून परस्पर वळली. आणि तुमच्याशी मी दीड महिना बोलले नाही. तुम्हाला ते किती जाणवलं कोण जाणे. तुमच्यासाठी आवाज असाही बंदच होता.

फुईची दुसरी कॅसेट आली तेव्हा माय म्हणाली, ती बिचारी वाट बघत असेल, तूच काहीतरी कर. मी केलं ते प्रेमानं केलं असं लोकांना वाटेल, म्हणून सांगते, मी चिडून केलं. तुमचं एकेक निमित्त संपवायचं असं मी ठरवलं होतं. फुटपाथवरची पट्टी घेतली, तिला केस अडकू नयेत म्हणून मखमलीची पट्टी शिवली. साड्यांच्या खोक्यात येतो तो मऊ फोम गोल कापला, मायच्या जुन्या सुती लुगड्याचं कापड त्याला लावलं. पट्टी थोडी वाकवून सैल केली. दोन दिवस मी तो स्वतः डोक्याला लावून टिकल्या चिकटवत बसले, कुठंही टोचला नाही. इतका आरामाचा हेडफोन सुरतेच्या एकाही दुकानात नव्हता. रविवारी सकाळी तुमच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, आता बोला काय दुखतं ते.

तुम्ही तो लावलात. मी बटण दाबलं. तुम्ही भिंतीला टेकलात, मान हलवायला लागलात, मधेच हसलात. माय दारातून बघत होती, तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दहा-पंधरा मिनिटांनी तुम्ही म्हणालात, "तिच्याकडं पाऊस बरा झाला म्हणते. म्हैस व्याली." मी वॉकमन उचलला, कारण त्या कॅसेटमध्ये म्हशीचं काही नव्हतं. मी आधी ऐकली होती. फुई तिच्या डोळ्यांबद्दल सांगत होती, आणि बोलता बोलता रडली होती. वॉकमन हातात घेतल्यावर दिसलं, हेडफोनची पिन त्यात नव्हतीच. तुमच्या मांडीखाली वायर अडकून ती सुटली होती.

माय चूल बघायला आत गेली. मी पिन हातात धरून तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही ती बघितलीत आणि हेडफोन काढलात. मग तुम्ही म्हणालात, "माझ्या कानात मशीन चालूच असतं, शोभा. घरी आलो तरी. त्यात बाहेरचा आवाज कुठला आणि आतला कुठला, मला कळत नाही. बोलणं समोर असलं तर समजतं."

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं. शेठला कळलं तर घरी बसवील. धागा तुटल्याचा आवाज येत नाही अशा माणसाला मशीन कोण देईल? मी डोळ्यांनी बघून धागा पकडतो. तू कुणाला सांगू नको. मायला पण नको."

मला त्या क्षणी तुमची दया आली, आणि ती आली याचा मला आजही राग आहे. दया आली नसती तर मी तिथंच सगळ्यांना हाक मारली असती. मी एवढंच म्हणाले, "मग भिकाकाकांना सांगा, की सोयरीक मोडली त्यात माझी चूक नव्हती. कानाचं सांगू नका हवं तर. फक्त चूक माझी नव्हती म्हणा." तुम्ही म्हणालात, "सांगतो. दिवाळीनंतर सांगतो."

दिवाळी झाली. मग होळीनंतर. मी विचारलं की तुम्ही मान फिरवायचात. एक गोष्ट मी शिकले, नाना, तुम्हाला नको असलेलं बोलणं ऐकू न येणं फार सोपं होतं. डोळे दुसरीकडं वळवले की झालं. मी खांद्याला धरून तुम्हाला माझ्याकडं वळवायचे, तर तुम्ही डोळे मिटायचात. मधल्या काळात मी फुईचं मात्र तुम्हाला सांगितलं, समोर बसून, ओठ मोठे करून, सगळी कॅसेट. तुम्ही रडलात आणि दुसऱ्या आठवड्यात सुट्टी घेऊन अमळनेरला जाऊन आलात. बहिणीसाठी तुम्हाला वेळ मिळाला, माझ्यासाठी नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही डबा घेऊन निघालात तेव्हा मी दारात म्हणाले, "आज संध्याकाळी भिकाकाकांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." हे तुम्ही बघितलंत, कारण तुमचा चेहरा पडला. मग तुम्ही पाठ फिरवून चालायला लागलात. आणि मी तुमच्या पाठीला म्हणाले, "तुम्ही बहिरे नाही, लबाड आहात." मोठ्यानं म्हणाले. तुम्ही वळला नाहीत. तुम्हाला ते ऐकू आलं नाही की ऐकून तुम्ही वळला नाहीत, हे मला आता कधीच कळणार नाही. आलं असावं असं मला कधी वाटतं, कधी नसावं असं. तुम्हाला ते लागावं अशीच माझी इच्छा होती, ते मी नाकारत नाही.

उधन्याकडं जाताना रूळ ओलांडायचे, रोजचेच. शंटिंगचं इंजिन मागून येत होतं. त्याची शिट्टी मी घरात बसून ऐकली, लांबच लांब, आणि मनात म्हणाले, कोणीतरी बाजूला होत नाहीये.

लोक काय म्हणाले ते तुम्हाला माहीत नाही. म्हणाले, शिट्टी वाजत होती पण नानाचं लक्ष नव्हतं, पोरीच्या लग्नाची काळजी डोक्यात, त्या नादात गेला. दहाव्याला म्हणाले, तेराव्याला म्हणाले. माझ्या हातचं पाणी पीत म्हणाले. सोयरीक मी मोडली होतीच, आता बापही मीच मारला. आणि मी गप्प होते, कारण तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात.

काल भिकाकाका शेवटचं म्हणून बसायला आले. मायला म्हणाले, "वहिनी, पोरीच्या घोरानंच गेला बघा तो." तेव्हा मी बोलले. पिनचं, हेडफोनचं, सुपारीच्या दिवसाचं, सगळं. ते कानामागं हात धरून म्हणाले, "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल." मी सगळं परत सांगितलं. ते मानेनं नाही म्हणाले. "वीस वर्षं बाजूच्या मशीनवर उभा होतो मी. मला कळलं नसतं?"

तेव्हा माय कपबशी खाली ठेवत म्हणाली, "माले माहीत व्हतं."

ती भिकाकाकांना म्हणाली, "त्यांना ऐकू येत नव्हतं. तुमच्या पाहुण्याचं बोलणं त्यांना समजलं नव्हतं. पोरीचा त्यात काही दोष नाही. हे आता चार लोकांत सांगा." भिकाकाका खाली मान घालून बसले. जाताना म्हणाले, सांगतो. ते सांगतील असं वाटतं. ते तुमच्यापेक्षा बरे आहेत.

ते गेल्यावर मी मायला विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुझं लग्न परत जमलं असतं, शोभा. त्यांचं काम परत मिळालं नसतं." तुम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतात, आणि मधे मला ठेवलं होतंत.

नंदुरबारचं ते स्थळ मला नकोच होतं. गावी राहायचं हे कळल्यावर तर मुळीच नको होतं. मला फक्त तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, की चूक माझी, पोरीची नाही. ते मायनं म्हटलं, तुमच्या ऐवजी. परीक्षेचा निकाल लागलाय, मी पास झालेय, आणि बालवाडीच्या कोर्सला नाव घातलंय. तुम्ही आणलेला फॉर्म मी भरला नाही, दुसरा आणून भरला. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय.

माय उठली की म्हणेल, रडून घे एकदा, मोकळी होशील. राग उतरला की रडेन, नाना. अजून उतरलेला नाही.